खिचडीचा टोल

शिवप्रसाद रोडगे सरांना तालुक्यातले शिक्षक ‘फक्की सर’ म्हणायचे. फक्की म्हणजे मैदानावर रेषा मारायची पांढरी पूड. आमच्याकडच्या काळ्या जमिनीवर ती टिकायचं नाव घेत नाही. पाऊस आला की चिखलात जाते, ऊन पडलं की भेगांत. तरी तालुक्याच्या मैदानी स्पर्धा आल्या की पन्नाशी ओलांडलेले रोडगे सर सुतळी धरून, कंबर मोडेस्तोवर वाकून ट्रॅक आखायचे आणि बाकीचे क्रीडाशिक्षक लिंबाच्या सावलीत बसून त्यांना सूचना करायचे. सूचना करायला कुणाची कंबर मोडत नाही.

सर मूळचे पेडगावचे. कॉलेजात असताना चांगले पळायचे, मग गुडघा गेला आणि पळणारा माणूस पळवणारा झाला. पिंगळी स्टेशनच्या पलीकडे एका शाळेत त्यांनी अर्धं आयुष्य घातलं. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचंय? पाचवीपासून बारावीपर्यंतची ही शाळा. तिथं ते खेळ शिकवायचे, भूगोल शिकवायचे, निवडणूक आली की मतदार मोजायचे. एवढं करून त्यांच्या हाताखालचं एकही पोर तालुक्याच्या पुढे गेलं नव्हतं. लोक म्हणायचे, फक्की सरांचा ट्रॅक गोल असतो, फिरून फिरून तिथंच येतो. सरही हसायचे, पण ते त्यांना लागायचं.

मग अर्पिता आली. सटवाजी नावाच्या शेतकऱ्याची थोरली मुलगी. घर शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या शेतवस्तीवर, घरात सायकल एकच आणि ती धाकट्या भावाची. म्हणून ही पोरगी रोज पळत शाळेत यायची आणि पळत जायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी फक्त दम कुठं राखायचा आणि कुठं सोडायचा, एवढं सांगितलं. बारावीला येईपर्यंत तीन हजार मीटरला तिच्या जवळ येईल अशी मुलगी तालुक्यात उरली नव्हती.

पण तिला अठरावं सरलं आणि सेलूकडचं एक स्थळ आलं. मुलगा बरा, घर बरं, मागणी काही नाही. सर आखाड्यावर जाऊन बसले. पोरगी जिल्ह्याला जाईल, पुढं विभागाला जाईल, पोलीस भरतीत लागेल, असं त्यांनी सटवाजीला दहा वेळा समजावलं. सटवाजी वाईट माणूस नव्हता. त्याला पोरीचं पळणं दिसत होतं आणि भावकीचं बोलणंही ऐकू येत होतं. शेवटी तो म्हणाला, “जिल्ह्याला गेली तर दोन वर्सं थांबतो सर. न्हाई गेली, तर तुळशीचं लगीन झालं की उरकतो. मग तुमी आडवं यायचं न्हाई.”

सरांनी हो म्हटलं. तालुक्यातून पहिल्या दोघी जिल्ह्याला जातात, आणि अर्पिता पहिली येणार हे त्यांना सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं.

त्या वर्षी स्पर्धा त्यांच्याच शाळेत होत्या आणि संयोजकही तेच. मैदान लहान, त्यामुळे तीन हजार मीटरला पंधरा फेऱ्या. इतक्या फेऱ्यांत मुली गोंधळतात, म्हणून शेवटच्या फेरीला घंटा द्यावी लागते. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, त्याला सगळे टोल म्हणतात. सरांनी सकाळीच माइकवर सांगितलं, आज तास नाहीत, आज टोल पडला की शेवटची फेरी. मुलींना सांगितलं, शिक्षकांना सांगितलं, शिपायाला सांगितलं. सांगायचं राहिलं ते दगडाबाईंना. त्या शाळेमागच्या खोलीत खिचडी शिजवत होत्या. धाकट्या वर्गांसाठी रोज खिचडी शिजायची, आणि पातेलं उतरवलं की दगडाबाई पदराला हात पुसत येऊन टोल द्यायच्या. गेली कितीतरी वर्षं हा नेम चुकला नव्हता. साऱ्या गावाला दवंडी आणि चुलीला पत्ता नाही, अशी गत झाली.

शर्यत सुरू झाली. अर्पिता पहिल्या फेरीपासून पुढे. सर स्वतः फेऱ्या मोजत होते. तेवढ्यात सकाळी यायचे पाहुणे दुपारी आले आणि मुख्याध्यापक किशनरावांनी माइकवरून रोडगे सरांना सत्कारासाठी बोलावलं. सरांनी एकदा नको अशी मान हलवली. किशनरावांनी दुसऱ्यांदा बोलावलं. मग सरांनी मोजणी शेजारच्या शिक्षकाकडे दिली आणि ते मंचावर गेले. पाहुण्यांचा मान राखला नाही तर पुढच्या वर्षी मंडप कोण देणार?

पाहुण्यांच्या खांद्यावर शाल ठेवत असताना टोल पडला. तेरावी फेरी चालू होती. एवढ्यात कसा, असं सरांच्या मनात आलं, आणि वाऱ्यावरून खिचडीचा वास आला.

दोरीबाहेर उभे असलेले इतर शाळांचे शिक्षक आपापल्या मुलींना ओरडून सांगत होते, ऐकू नका, अजून फेऱ्या आहेत. प्रत्येकीचा सर तिथं होता. अर्पिताचा सर मंचावर होता, हातात नारळ घेऊन. तिनं टोल ऐकला आणि साठवलेला सगळा दम सोडून दिला. अशी सुटली की लोक उठून उभे राहिले. भिंतीशी उभा सटवाजी आयुष्यात पहिल्यांदा पोरीसाठी टाळ्या वाजवत होता. तिनं रेषा ओलांडली आणि ती तिथंच मातीत पडली. बाकीच्या मुली तिच्या शेजारून पुढे गेल्या.

गुडघा विसरून सर मंचावरून धावत आले. ऊठ, अजून दोन फेऱ्या आहेत, एवढंच ते बोलू शकले. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती उठली, पोटाला हात धरून पळाली आणि तिसरी आली.

किशनराव सरांच्या कानाशी लागले. संयोजक तुम्ही, निर्णय तुमचा, शर्यत उद्या परत ठेवा. सरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पहिल्या आलेल्या दोघी एका बाटलीतलं पाणी वाटून पीत बसल्या होत्या आणि त्यांचे शिक्षक समोर उभे होते. त्यातला एक शांतपणे म्हणाला, “शाळा तुमची, टोल तुमचा, पोरगी तुमची. आता काय करायचं ते तुमीच सांगा.”

सरांनी निकाल आहे तसा जाहीर केला. लोक म्हणाले, माणूस न्यायाचा. खरं सांगायचं तर त्यात अर्धा न्याय होता आणि अर्धी लोक काय म्हणतील याची भीती, आणि हे सरांना पुरतं ठाऊक होतं. दगडाबाई रडत आल्या, तेव्हा तुमची काही चूक नाही, असं सर त्यांना म्हणाले. चूक कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. मग न राहवून ते आखाड्यावर गेले. त्या दोन शाळांच्या पाया पडतो, वर अर्ज करतो, शर्यत परत घ्यायला लावतो, असं बरंच काही मनाशी ठरवून गेले होते. सटवाजीनं बाज टाकली, बसा म्हणाला. रागाचं एक अक्षर नाही. सुपारी फुटली होती.

“पोरगी कमी पडली न्हाई, म्या डोळ्यांनी बघितलं,” तो म्हणाला. “पन शब्द जिल्ह्याचा हुता सर. आता मागं फिरलो तर भावकीत तोंड दाखवायला जागा न्हाई.”

सटवाजी बैलांना पाणी दाखवायला उठला. अर्पिता तांब्या घेऊन आली. सरांना तिच्याकडे बघवेना. ती उभीच राहिली, मग हळूच म्हणाली, “सर, एक विचारू? टोल पडला नसता तर मी पहिली आले असते का?”

सर आयुष्यभर पोरांशी खरं बोलत आले होते. मागं पडलेल्याला मागं आणि पुढच्याला पुढं म्हणायची त्यांची सवय.

“आली असतीस,” ते म्हणाले. “कुणी जवळपाससुद्धा नव्हतं.”

तिनं मान खाली घातली.

“तुमी न्हाई म्हनायचं होतं सर,” ती म्हणाली. “मला सासरी जायला सोपं गेलं असतं.”