टोपीची फेरी

डोंबिवलीला आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ एका कचेरीत कारकून होते. 'नियमाप्रमाणे' म्हटल्याशिवाय ते घरात चहासुद्धा मागत नसत. टिटवाळ्याच्या जत्रेतला लाकडी आकाशपाळणा दरवर्षी तपासून पास करायचं काम त्यांच्याकडे असे. तपासणाऱ्याने स्वतः बसून एक फेरी घ्यावी, असा नियम होता. हे डोक्यावरची काळी टोपी काढत, ती पाळण्यात ठेवत आणि पाळणेवाल्याला सांगत, "हं, फिरव." टोपी वर जाऊन खाली आली की झटकून डोक्यावर चढवत आणि कागदावर लिहीत, 'समक्ष फेरी घेतली. पाळणा सुस्थितीत.'

मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "अहो, कचेरीतसुद्धा टेबलावर टोपी असली की मी हजरच असतो."

एका वर्षी दोन्ही बिऱ्हाडं मिळून जत्रेला गेलो. मी आकाशपाळण्यात बसलो आणि माझ्या मागच्या पाळण्यात त्यांची बायको चढली. तेवढ्यात हे छत्री सावरत धावत आले.

"अगं, उतर! आधी खाली उतर!"

"इश्श! सकाळी तुम्हीच पास केलात ना?"

"म्हणूनच सांगतोय, उतर!"

ती बिचारी उतरली. मीही घाईघाईने उठायला गेलो, पण माझा पाळणा करकरत वर निघाला होता. खालून त्यांनी तोंडाशी हात धरून मला धीर दिला, "घाबरू नका हो! सकाळी टोपीला काही झालं नाही!"