एसुमन मास्तर आणि आडवळणाची इंग्रजी

कोबिना एसुमन मास्तरांना इंग्रजी वाक्प्रचारांचं वेड होतं, आणि वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. घानातल्या सॉल्टपाँडला समुद्राकाठच्या शाळेत त्यांनी उभी हयात काढली. रोज सकाळी फळ्यावर एक वाक्प्रचार लिहायचा, अर्थ सांगायचा, आणि पोरांनी तो संध्याकाळच्या आत गावात कुणाशी तरी बोलताना वापरायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगायचं, कुणाला म्हणालो, कशावरून म्हणालो, आणि शेवटी विचारायचं, "बरोबर वापरलं का, मास्तर?" मास्तर "बरोबर" म्हणत, नाहीतर "चूक". उगाच पाठ थोपटण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

या पायी बाजारातल्या बायांचा जीव मेटाकुटीला यायचा. केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईने वर चमचाभर मिरचीचा ठेचा दिला नाही की एखादं कार्टं म्हणायचं, "मावशी, तू म्हणजे वन्स इन अ ब्लू मून देतेस!"

"निळा चंद्र तुझ्या बापाने पाहिला होता का रे?" म्हणत बाई डाव उगारायची. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरगं विचारी, बरोबर वापरलं का, आणि मास्तर म्हणत, "बरोबर."

या किनाऱ्यावरच्या फांती माणसाला इंग्रजी मिरवायची भारी हौस, असं बाकीचा घाना म्हणतो. म्हणेना का! मास्तरांनी तर ते घरातच खरं करून दाखवलं. मुलगी अराबा बोलायला लागल्यापासून तिच्याशी एक शब्द आपल्या फांती भाषेत बोलायचा नाही, असा त्यांनी नेम केला. बायको एकुआ शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या घराच्या अंगणात धुरावर मासे भाजून विकायची, तिला इंग्रजीचा गंध नव्हता. तेव्हा आई फांतीत, बाप इंग्रजीत, आणि पोर दोघांच्या मध्ये बसून जेवायची. एकदा अराबाचा गुडघा फुटला आणि ती फांतीत रडत बापाकडे धावली. मास्तर म्हणाले, "इंग्रजीत सांग." त्या दिवशी एकुआने नवऱ्याशी अबोला धरला.

पुढे अराबा इंग्लंडला गेली आणि लीड्स गावी म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला लागली. एकदा फोनवर म्हणाली, "पपा, कुत्री-मांजरं कोसळताहेत असं पावसाला इथं कुणीच म्हणत नाही." मास्तर दिवसभर शब्दकोश चाळत बसले. संध्याकाळी म्हणाले, "म्हणजे ते लोक इंग्रजी विसरत चाललेत."

मग एकुआच्या पोटात गाठ निघाली. जवळच्या केप कोस्ट शहरातल्या डॉक्टरने मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, कुणाला भेटायचं असेल तर बोलावून घ्या. एकुआला भेटायचं होतं ते एकाच माणसाला. डोळे उघडले की ती विचारायची, "अराबा कधी येतेय?"

आता वाईट बातमी तोंडावर फेकायची नाही, ही सॉल्टपाँडची रीत. कुणी दारात आलं की आधी पाणी द्यायचं, बसवायचं, मग येण्याचं कारण विचारायचं. येणाऱ्याने घरावर डोंगर कोसळला असला तरी आधी म्हणायचं, आमच्याकडे सगळं क्षेम आहे. मग आडून आडून मुद्द्याला यायचं, आणि ऐकणाऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. मास्तर या रीतीतच वाढलेले. त्यांनी लीड्सला फोन लावला, आमच्याकडे सगळं क्षेम आहे म्हणाले, आणि मग जपून, तोलून म्हणाले, तुझी आई जरा अंडर द वेदर आहे.

लीड्सच्या आश्रमात सर्दी झालेला म्हातारा हेच म्हणतो, अंग जरा कसकसलं की हेच म्हणतो. अराबा म्हणाली, "आल्याचा काढा द्या तिला, पपा. डिसेंबरात येतेच आहे मी."

एकुआची धाकटी बहीण अजोआ शुश्रूषेला आली होती. तिने विचारलं, "काय म्हणाली पोरगी? येतेय ना?"

"डिसेंबरात."

"डिसेंबरात? कशाला, वर्षश्राद्धाला? दाजी, तुम्ही सांगितलंत तरी काय तिला?"

मास्तरांनी सांगितलं. अजोआने अर्थ विचारला, तोही सांगितला.

"जरा बरं नाही?" अजोआने आतल्या खोलीकडे बोट केलं. "हे जरा?"

"आपलीच मुलगी आहे. ओळखेल ती."

"कशावरून ओळखेल? फोनमध्ये तुमचं तोंड दिसतंय का तिला? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलंत, कुठं काय बोलावं! आता स्वतःच्या पोरीशी बोलताना दातखीळ बसली का?"

मास्तर चिडले, छत्री घेऊन बाहेर पडले, समुद्रापर्यंत जाऊन परत आले. आतून एकुआ विचारत होती, "आली का?" त्यांनी अजोआच्या देखत पुन्हा फोन लावला. आमच्याकडे सगळं क्षेम आहे, इथून सुरुवात झाली. पुढे एक वाक्प्रचार आला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. पलीकडे अराबा हसली. "पपा, मी कामावर आहे हो. इंग्रजीचा तास रविवारी घ्या ना!"

ती फोन ठेवणार, तेवढ्यात मास्तर फांतीत म्हणाले, "अराबा, तुझी आई मरतेय. ये, बाळ."

अजोआने तोंडावर हात मारून घेतला. जित्या माणसाबद्दल असं कुणी बोलतं का, तेही दार उघडं असताना! तीच इतका वेळ त्यांच्या मागे लागली होती, पण हे ऐकायची तिची तयारी नव्हती.

फोनमधून अराबा लहान मुलीसारखी म्हणाली, "पपा, तुम्ही फांतीत बोललात."

"हो."

त्याच रात्री तिने विमानाचं तिकीट काढलं.

अराबा पोचली तेव्हा एकुआ जिवंत होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण शुद्ध होती. अराबा चटईवर तिच्याजवळ बसली, तोंडावरून हात फिरवला, आणि फांतीत विचारलं, "आई, कशी आहेस ग?"

एकुआने तिच्याकडे डोळे भरून बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. भिंतीपलीकडचे सगळे तास तिने मासे भाजता भाजता ऐकले होते, हे कुणाला ठाऊक होतं? ती इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "अंडर द वेदर."

आणि फांतीत विचारलं, "बरोबर वापरलं का, मास्तर?"

मास्तरांनी चौकट धरली.

"बरोबर," ते म्हणाले. "एकुआ, अगदी बरोबर."