तोंडाला तोंड लावलेले दोन स्पीकर

जळगाव जामोदला आमची खोली लहान होती, म्हणून मी रेडिओसाठी छोटी पेटी बनवली. ढोलकी चांगली घुमावी यासाठी एक पेटीत आणि दुसरा त्यावर बाहेरून, असे दोन स्पीकर तोंडाला तोंड लावून बसवले. पण आवाज एका स्पीकरपेक्षाही बारीक आला. मी चक्रावलो. तारा तर दोन्हींना सारख्याच जोडल्या होत्या.

बायकोने बाहेरच्या स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याला मागून हलकेच बोट लावलं.

"अहो, हे दोघं एकमेकाले ढकलून तं नाही राह्यले?"

मी एकाच्या तारा उलट जोडल्या. ढोलकी अशी घुमली की फळीवरचे पेले थरथरले.

"आता काऊन वाजलं?" तिने विचारलं.

"मलेच नाही समजलं," मी म्हणालो.

संध्याकाळभर मी तारा पुन्हा पुन्हा बदलून पाहत बसलो, तेव्हा उलगडलं: तोंडं समोरासमोर, म्हणून सारख्या तारांनी दोन्ही पडदे एकमेकांवर चालून जायचे; उलट तारांनी एक पुढे येताना दुसरा मागे सरायचा आणि दोघं एकाच दिशेने हलायचे.