मॅडमची काळी बिअर

तळहाताने ग्लास झाकायचा, तो दोनदा गोल फिरवायचा, हात काढून नाक आत घालायचं आणि डोळे मिटायचे. मध्येच कोणी बोललं तर मॅडम डोळे न उघडताच म्हणायच्या, "थांबा. आधी नाक, मग जीभ."

आमच्या वायनरीत वाइन चाखून पास करायचं काम त्यांचं. मी शेजारच्या टेबलावर आम्लता आणि साखर मोजायचे. माझं यंत्र नुसता आकडा द्यायचं. टाकीतली वाइन बाटलीत जायची की नाही, हे त्यांचं नाक ठरवायचं. एकदा मी मेथीचे पराठे खाऊन आले, तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. "साबणाने हात धुऊन ये. नाहीतर आज सगळ्या टाक्या मेथीच्या होतील."

रोज शेजारी बसणाऱ्या माणसात काही बदललं तर आपल्याला ते सगळ्यात उशिरा कळतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. पावसाळ्यात मॅडम आठ दिवस तापाने आजारी होत्या. परत आल्यापासून त्या ग्लास आधी माझ्यापुढे धरू लागल्या. "सांग, काय येतंय? तूही तयार व्हायला हवंस." मला वाटलं, माझी बढती जवळ आली. मी ऐटीत पेरू, मिरी, ओलं लाकूड असं काहीबाही सांगायचे. त्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या आणि मान डोलवायच्या.

थंडीत एकदा म्हणाल्या, "रविवारी दुपारी घरी ये. स्टाउट करतेय. काळी बिअर. कॉफीची, दुधाची."

"दुधाची बिअर?" मला हसू आलं.

"दूध नाही गं, दुधातली साखर. यीस्ट ती खात नाही, म्हणून गोडवा तसाच राहतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणाला बोलू नकोस. घरी करायला परवानगी नसते."

नियमांच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या बाई हे का करताहेत, ते मला कळेना. तरी गेले. गंगापूर रोडला त्यांचा फ्लॅट, एकट्याच राहायच्या. दार उघडताच गॅसचा वास नाकात शिरला.

"ये, ये! कॉफी भिजत घातलीय. काय वास सुटलाय बघ!" हातात ओला टॉवेल घेऊन त्या हसत उभ्या होत्या. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. ओट्यावर मोठं पातेलं होतं, त्यात मोड आणून वाळवलेल्या जवांचं पाणी उकळायला ठेवलेलं. त्या आत बाटल्या धूत असताना ते उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं.

"अगं बाई, विझला वाटतं," असं म्हणत त्यांनी लायटर उचलला.

"मॅडम!" मी ओरडले. त्यांच्या हातातून लायटर हिसकावला, शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. आम्ही बाल्कनीत जाऊन उभ्या राहिलो.

"तुम्हाला वास नाही आला?"

त्या म्हणाल्या, "तापापासून कसलाच येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित, कदाचित नाही. म्हटलं, भाजलेले जव आणि कॉफी, याहून दांडगा वास कुठला? एवढा तरी येईल." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "चार महिने मी तुझ्या नाकाने टाक्या पास करतेय."

त्यातले निम्मे वास मी निव्वळ छाप पाडायला सांगितले होते. आणि मंगळवारी सगळ्यात मोठ्या टाकीतली वाइन बाटल्यांत भरायची होती.

"साहेबांना सांगा ना, मॅडम."

"सांगेन. ही बिअर तयार होऊ दे. तेवढंच थांब."

मी थांबले. यंत्र बिघडलंय, आकडे जुळत नाहीत, नमुना पुन्हा घ्यायचाय, अशी रोज नवी सबब सांगून मी ती टाकी तीन आठवडे अडवून धरली. साहेबांची पावलं वाजली की मी यंत्र उघडून बसायचे. तिकडे त्यांच्या घरी बादलीत बिअर आंबत होती आणि मॅडम फोनवर विचारायच्या, "झाकण उघडलं, तर काही कळेल का गं?"

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बाटली उघडली. काळीभोर बिअर, वर तपकिरी फेस. कॉफीचा वास दारापर्यंत दरवळला. त्यांनी तळहाताने ग्लास झाकला, फिरवला, नाक आत घालून डोळे मिटले. इतका वेळ, की फेस खाली बसला.

मग एक घोट घेतला. "गोड कळतंय. कडू कळतंय. जिभेला दाट लागतंय."

"आणि कॉफी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "चांगली झालीय का? खरं सांग."

"फार चांगली झालीय, मॅडम." यावेळी मी छाप पाडायला बोलत नव्हते.

"मग पी ना," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. मी अडवलेली टाकी साहेबांनी बाहेरच्या माणसाकडून चाखून घेतली. तिला हलका कुबट वास होता. त्या वासाला मी पेरू म्हटलं होतं.

साहेबांनी मॅडमना ऑफिसात टेबल देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही. कळवणला भावाकडे राहायला गेल्या. "तिथे स्वयंपाकघरात कायम कोणी ना कोणी असतं," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी एक टाकी त्यांनी हट्टाने स्वतः चाखली आणि नोंदवही माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. थोड्या वेळाने मी ती उघडली. रंग : गडद जांभळा. चव : आंबट, किंचित तुरट. मधला वासाचा रकाना कोरा होता आणि खाली त्यांची पूर्ण सही होती.