शिडाच्या कापडाचा चेंडू

फिलूबायने मला पडवीत जागा दिली, सरदार घोड्याचा लगाम हातात दिला, हे आधी लिहितो. ती गेली, हे त्यानंतर. उलट लिहायला घेतलं की हात थांबतो...

काही आठवडे झाले. गोराईच्या धक्क्यावर टांगा लावून बोरीवलीकडच्या होडीची वाट बघत होतो, तेवढ्यात शेजारची कोळीण धावत आली. "भाऊ, गाडी फिरव. बाय उठत नाय." अजून धक्क्यावर कुणी धावताना दिसलं की मी आधी गाडी फिरवतो.

मी सावंतवाडीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. मुंबईत लागलेली कामं सुटत गेली आणि फिरत फिरत तिच्या दारात आलो. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, एक टांगा, एक घोडा. "घोड्याला भितोस काय?" तिने विचारलं. हो म्हणालो. "बरा हायस. न भिणारे त्याला मारतात." एवढ्यावर ठेवून घेतलं.

पावसाळ्यात टांगा बंद. सरदार तबेल्यात उभ्या उभ्या गव्हाणीचं लाकूड चावायचा, मान ताणून हवा गिळायचा. लोक म्हणायचे, विकून टाक. वसईचा एक जण बघूनही गेला. घोडा गेला तर मीही गेलोच, ही माझी धाकधूक. बाय म्हणाली, त्याला काम नाही म्हणून लाकूड खातो, चेंडू देऊ या. मला हसू आलं. ती हसली नाही.

चेंडूच्या बाबतीत ती कधीच हसायची नाही. तिचा टिपू कुत्रा जाळं तरंगत ठेवायचा बोया चघळून मेला होता. किनाऱ्यावर जुने बोये पोरं, कुत्री सगळ्यांच्याच खेळात असतात, तिनेच तो त्याच्याकडे फेकलेला. तुकडा आतड्यात अडकला. पुढे तिने कुत्रं पाळलं नाही, पण गावात कुणाच्याही कुत्र्याच्या तोंडातून चेंडू काढून बघायची. "अख्खा तोंडात मावतो तो चेंडू नाय, घास हाय." मग बोरीवलीच्या दुकानात जाऊन मोठा, भरीव रबराचा आणायची. नख रुतवून बघायची, हुंगायची, सरळ दाढेखाली धरायची. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, खेळायला पाहिजे की खायला?"

"खायला. ज्याच्यासाठी नेतेय त्याला 'खाऊ नको' लिहिलेलं वाचता येत नाय."

सरदारसाठी आधी फुटबॉल आणला. त्याने दातांनी नाडी ओढली, तिने तो लगेच काढून घेतला. प्लॅस्टिकचा मोठा चेंडू खुराखाली फुटला, कडा सुरीसारख्या. शेवटी हवा भरायचा मोठा रबरी चेंडू घेऊन तिने त्यावर शिडाचं दुहेरी कापड चढवलं. होड्यांना इंजिनं आल्यापासून शिडं माळ्यावर पडूनच होती. शिवण आतून, कापड इतकं ताणलेलं की दात घसरावेत. सरदारने तो नाकाने ढकलला, भिंतीवर आपटून परत आला, पुन्हा ढकलला... वसईवाल्याला तिने दारातूनच परत पाठवलं. खेळ झाला की चेंडू बाहेर. शिवणीवरून अंगठा फिरवायची आणि खाटेवरच्या फळीवर ठेवायची.

तिला माती दिली त्या दिवशी चेंडू तबेल्यातच राहिला. सकाळी बघतो तर शिवण उसवलेली, कापडाची पट्टी लोंबतेय, चघळलेली. सरदार तोच ढकलत होता. शेजारी म्हणाले, बायच्या हातचा आहे, जपून ठेव. फळीवर ठेवला, पण चैन पडेना. मी टांग्यावर असताना कुणी प्रेमाने त्याच्यापुढे टाकला तर? तिच्याच कात्रीने कापला. तुकडे मापाला ठेवले आणि त्यावरून नवा शिवला.

तिच्या भाच्याने घर, टांगा तूर्त माझ्याकडेच ठेवलाय. फळीवर आता माझ्या हातचा चेंडू असतो. शिवण तपासून आडवा होतो, पुन्हा उठून तपासतो. बाय, धीर झाला की या अंगणात कुत्रा आणीन. त्याचा चेंडू आधी मी चावून बघेन.