ओरनची सात वर्षं

"मरी गया तो, गोकुळ. त्यानाकडे नऊ तासना ऑक्सिजन व्हता."

"बॉडी दखाडी का त्यास्नी, सर?"

"बॉडी कशाले पाहिजे? दोर तुटना, यान पुढे गये. खलास."

"नही दखाडी ना? मग झालं."

शनिवारची प्रात्यक्षिकं आटोपली होती. शहाद्यातल्या त्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोघंच उरले होते: शिकवणारे नवनीत सर आणि परिचर गोकुळ. भांडण होतं 'ध्रुवयान' या मालिकेवरून. मालिका परदेशी, बोली हिंदी. अकरा माणसांचं एक यान, घरापासून इतकं लांब की निरोप पोचायलाही वर्ष लागावं.

दोन वर्षांपूर्वी सर प्रोजेक्टर तपासायला म्हणून एक भाग लावून बसले होते. गोकुळ भिंगं पुसता पुसता उभ्यानंच बघत राहिला. सरांनी पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तेव्हापासून दर शनिवारी एक भाग, स्टँडवरून आणलेला चहा आणि पुढच्या शनिवारपर्यंत पुरेल इतका वाद. सर सारंगखेड्याचे, केळीच्या मळेवाल्यांपैकी. गोकुळ मोलगीच्याही वरच्या एका पाड्यातला. स्टाफरूममध्ये ते सर आणि हा परिचर. स्टुलावर बसले की दोघं नुसते चाहते.

सरांना कप्तान वेरा आवडायची. गोकुळचा जीव ओरनवर. ओरन यानाचा मिस्त्री. हाताला कायम ग्रीस, आणि काही बिघडल्याशिवाय ज्याला कुणी जेवायच्या टेबलाशी हाक मारत नाही असा. दुसऱ्या पर्वात तो अँटेना दुरुस्त करायला बाहेर पडतो आणि त्याचा दोर तुटतो. त्यानंतर एकदाच, कुठूनतरी, एक बीप ऐकू येते.

त्या एका बीपवरून चाहत्यांत उभी फूट पडली. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता, नाशिकपासून नागपूरपर्यंतची साठेक माणसं. आपलं लिहिलेलं चुकतं म्हणून गोकुळ तिथं एरवी गप्प असायचा. ओरनचा विषय निघाला की मात्र लांबलचक लिहायचा. परवा सरांनी फळ्यावर सगळं गणितच मांडलं. यानाचा वेग, दिशा, तासाला किती श्वास. फोटो काढून ग्रुपवर टाकला. शाबासक्यांचा पाऊस पडला. त्याच संध्याकाळी गोकुळ ग्रुपमधून बाहेर पडला, आणि आजचं भांडण तिथून सुरू झालं होतं.

"गणितात कुठे चूक असेल तर दाखव," सर म्हणाले. फळ्यासमोर उभं राहिलं की सरांची अहिराणी आपोआप पुस्तकी मराठी व्हायची.

"गणित बरोबर शे, सर." गोकुळ लोलक एकेक करून कापसात ठेवत होता. "पन तुम्ही ते फळ्यावर लिखाले नको व्हतं."

टीव्हीतल्या माणसासाठी एवढं का मनाला लावून घेतोस, असं सरांनी विचारलं. चेष्टेनंच विचारलं होतं. गोकुळनं सांगितलं मात्र सगळं.

त्याचा थोरला भाऊ करणसिंग तीन वर्षांपूर्वी गुजरातेत मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. गेले सात जण, आले सहा. जाळं ओढताना लाट आली एवढंच ते सांगत. दिवसभर बोट त्याच जागी घिरट्या घालत होती म्हणे. हाती काही लागलं नाही. भाऊ गेला हे सरांना ठाऊक होतं. पण घरी अजून त्याचे दिवस घातलेले नाहीत, हे ठाऊक नव्हतं. आणि गोकुळ दर रविवारी घरी जाऊन आईला 'ध्रुवयान' सांगतो, हेही नव्हतं.

सुरुवात साधीच झाली होती. करणसिंग गेल्यावर त्यांच्या आईनं, रुखमाबाईनं, अन्न टाकलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून गोकुळनं मालिका सांगायला घेतली, घरच्या बोलीत. यान म्हणजे आभाळातली बोट, कप्तान म्हणजे कारभारीण. मक्याची कणसं सोलता सोलता ती ऐकू लागली. ती माणसं नळीतून जेवण पिळून खातात हे ऐकून एकदा हसलीसुद्धा. मग एका रविवारी ओरनचा दोर तुटला, आणि तिचा हात कणसावरच थांबला.

"मग?"

"शोधताहेत, याहा," गोकुळ आईला म्हणाला.

मालिकेत त्यांनी दोन भाग शोधलं आणि सोडून दिलं. गोकुळ शोधत राहिला. त्यानं बर्फाचा एक चंद्र रचला. त्या चंद्रावरच्या माणसांनी ओरनला निवारा दिला, खायला घातलं. रविवारमागून रविवार गेले. मग एकदा रुखमाबाईनं सरळच विचारलं, सापडतो की नाही? काहीतरी सांगणं भाग होतं. सापडतो, गोकुळ म्हणाला, सातव्या वर्षी. सातच का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बरंच लांब वाटलं, म्हणून.

ती सात वर्षं येऊन पडली रविनावर. रविना करणसिंगची बायको, पंचविशीची. तिचा बाप दिवाल्या तिला न्यायला आला होता: जावयाचे दिवस घाला, पोरीला मोकळी करा, तिचं अख्खं आयुष्य जायचंय. रुखमाबाईनं त्याला सांगितलं की हरवलेला माणूस सातव्या वर्षी सापडतो, तीन झाली, चार थांब. माझा गोकुळ सायन्सच्या कॉलेजात आहे, त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. कॉलेजातल्या माणसापुढं काय बोलणार, म्हणून दिवाल्या आला तसा परत गेला.

सरांनी खडू ठेवून दिला. फळ्याकडं त्यांना बघवेना.

"चार वरीस, गोकुळ," ते म्हणाले. "तुन्ही भाभीना जिंदगीना शेतस ते."

दुसऱ्या दिवशी गोकुळ मोलगीपर्यंत जीपनं आणि पुढं पायी घरी पोचला, तर अंगणातल्या खाटेवर दिवाल्या बसलेला. तो पुन्हा आला होता. रुखमाबाईनं त्याला मुद्दाम थांबवून ठेवलं होतं. रविना दाराशी सूप घेऊन नागली पाखडत होती.

"बरं झालं आलास," रुखमाबाई म्हणाली. "तूच सांग याला, ओरन कसा सापडला ते."

गोकुळ बूट न काढता जमिनीवरच बसला.

"याहा, तो सापडला नाही."

तिला वाटलं पोरगा थट्टा करतोय. "सातव्या वर्षी ना?"

"सातवं वर्ष माझं. पडद्यावर तसं काही नव्हतं. थोडे दिवस शोधलं, मग पाटीवरून त्याचं नाव पुसून टाकलं त्यांनी."

"आणि बर्फातली माणसं? त्याला खायला घातलं ती?"

"तीही माझीच."

रुखमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होता तो, पण तिथं राग नव्हता.

"एवढं सगळं तू एकट्यानं शोधलंस?" ती म्हणाली.

गोकुळ बुटाचे बंद सोडू लागला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती दिवाल्याकडं वळली. घेऊन जा पोरीला, म्हणाली. पुढचा बाजार झाला की करणसिंगचे दिवस घालू. तुम्ही या सगळे.

रविनानं सूप भिंतीला टेकवलं. आत जाऊन तिनं गाठोडं बांधलं. फार वेळ लागला नाही, होतंच किती. ती बाहेर आली तेव्हा गोकुळ दारापाशी उभा होता.

"भाभी, माझ्यामुळं तुझं..."

"मला माहीत होतं," रविना म्हणाली. "भोंगऱ्याच्या बाजारात मोबाइलवाल्याला लावायला सांगितला मी तो भाग."

"सगळा पाहिलास?"

"नाव पुसतात तिथपर्यंत."

भोंगऱ्या होळीच्या आधी भरतो. त्याला आता आठ महिने होऊन गेले होते.

"मग बोलली का नाहीस?" गोकुळनं विचारलं. "होळीनंतरही दर रविवारी इथंच बसायचीस. आज त्याला थंडी वाजली का, म्हणून मलाच विचारायचीस. कुणासाठी विचारत होतीस, भाभी?"

रविना वाकली, सासूच्या पायांवर हात ठेवून तशीच थोडी थांबली. मग तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बाप खाटेवरून उठायच्या आत अंगण ओलांडून उताराला लागली.