साफ नळ्यांचे रोडगे

आता सांगतोच तुम्हाले, पन हसाचं तं माह्या तोंडावर हसा. असा गाढवपना आमच्या वरवट बकालात कोनं केला नसन, अन् मी तो छाती फुगवून केला.

माह्या बायकोच्या, सुनंदाच्या, छातीत दुखे. पान्याची गुंडी उचलली का दुखे, दम लागे. अकोल्याले नेलं, अँजिओग्राफी केली. डॉक्टर म्हने, "मोठ्या नळ्या एकदम साफ आहेत." पुढं तो अजून काई बोलत होता, पन आयकते कोन? मी बाहेर निंघून भावाले फोन लावला बी होता. "तुह्या वयनीचं दिल काचेसारखं साफ हाय बे!"

गावात आल्याबरोबर रिपोर्टाले प्लॅस्टिक चढवून घेतलं. पानठेल्यावर जो भेटला त्याले दाखवला.

सुनंदा म्हने, "आवो, पन दुखून राह्यलं ना अजून."

"रिपोर्टात कुठी दुखते ते दाखव बरं."

अन् त्याच खुशीत मी गोवऱ्यावर भाजलेल्या रोडग्याचा पाहुनचार ठेवला. दीडशे मानसं. सैपाक कोन करनार? जिचं दिल साफ, तिनंच. हाय का नाई अक्कल?

कनकीची दुसरी परात मळता मळता ती मटकन खाली बसली. घामानं ओलीचिंब, हात छातीवर. खोटं काऊन बोलू, रडलो मी. जीप काढली अन् तिले खामगावले दिलाच्या डॉक्टरीनबाईकडं नेलं.

बाईनं सारं इचारलं, तपासलं, मंग म्हने, "यांचं दुखणं खरं आहे. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्याच दिसतात. यांच्या बारीक रक्तवाहिन्या कामाच्या वेळी नीट मोकळ्या होत नाहीत. गोळ्या देते, रोज बेताबेतानं चाला. आटोक्यात येईल."

माह्या जीवात जीव आला, अन् जीव आला का तोंड सुटते माहं. "म्याडम, मी पंधरा वर्सं वावरात ठिबक बसवून राह्यलो. मेन लाईन चालू अन् बारक्या नळ्या कोंदल्या तं झाड सुकतेच. हे तं मले पयलेपासून मालूम हाय."

बाईनं पेन उचलला. "याआधी काय उपचार घेतले?"

मी तोंड उघडलं, पन सुनंदा आधी बोलली.

"दीडशे मानसाईचा सैपाक."

बाईनं माह्याकडं पाह्यलं. मी भिताडावरच्या दिलाच्या चित्राकडं पाह्यलं. बारीक नळ्या लय होत्या त्याच्यात.